‘करमत नाही’ : तरुण मनाचे औदासीन्य आणि मराठी कादंबरी

१

मराठी कादंबरीतील १९६० नंतरच्या तरुण नायकाचा विचार आपल्या समीक्षेने प्रामुख्याने अस्तित्ववाद, परात्मता आणि विद्रोह या तीन संकल्पनांच्या आधारे केलेला आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून पांडुरंग सांगवीकराची तुलना कामूच्या ‘आउटसायडर’मधील (१९४२) मर्सोशी आणि सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधील (१९५१) होल्डनशी वारंवार होत आली. या तुलनांमुळे मराठी कादंबरी एका व्यापक वाङ्मयीन परिसरात पाहता आली, हे खरेच. तथापि या चर्चेत एक साधा प्रश्न बाजूला पडला. हा तरुण चारचौघांत असतो तेव्हा त्याला नेमके काय होते? गॅदरिंग, मेस, सहल, कट्टा, जत्रा या ठिकाणी इतरांना जे सुख सहज लाभते, ते त्याला का लाभत नाही? आणि ते लाभत नसताना तो तेथे वागतो कसा?

हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे, असे म्हणून तो टाळता येण्याजोगा नाही. कादंबरी हा समूहदृश्यांचा साहित्यप्रकार आहे. व्यक्तीचे औदासीन्य कादंबरीत स्वगतातून जितके व्यक्त होते, त्याहून अधिक ते तिच्या समूहातील वर्तनातून व्यक्त होते. म्हणून पात्राला रोगाचे नाव देण्याचा मोह टाळूनही, त्याच्या सुखसंवेदनेची घडण संहितेच्या आधारे तपासता येते. तशी ती तपासली, तर ज्याला आपण तात्त्विक भूमिका मानत आलो त्याचा बराच भाग प्रत्यक्षात एका दुःखाचे निवेदन होता, असे दिसू लागते.

२

या तपासणीला लागणारी परिभाषा काही अंशी मराठी भाषेतच उपलब्ध आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याने १८९६ साली सुख अनुभवण्याच्या क्षमतेचा लोप दर्शविण्यासाठी ‘अ‍ॅनहेडोनिया’ ही संज्ञा घडविली. आज औदासीन्याच्या वैद्यकीय वर्णनात ती मध्यवर्ती मानली जाते. मराठी माणूस मात्र या अवस्थेसाठी कितीतरी आधीपासून एक घरगुती क्रियापद वापरीत आलेला आहे : करमणे. ‘करमणूक’ हा शब्द याच क्रियापदापासून आलेला आहे. आणि या क्रियापदाचे नकारी रूप, ‘करमत नाही’, हे सुखसंवेदना हरवल्याचे सर्वांत रुळलेले विधान आहे. करमणूक आणि औदासीन्य यांचे मूळ एकाच धातूत असावे, ही गोष्ट समीक्षेने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

या क्रियापदाचे व्याकरणही बोलके आहे. ‘मी करमतो’ असे म्हणता येत नाही. ‘मला करमते’ असेच म्हणावे लागते. म्हणजे अनुभवणारा येथे कर्ता नाही. करमणे ही त्याने केलेली कृती नसून त्याच्याकडे येणारी, त्याच्यापाशी घडणारी गोष्ट आहे. शिवाय हे क्रियापद बहुधा स्थळाची किंवा सोबतीची अपेक्षा करते : इथे करमत नाही, तुझ्यावाचून करमत नाही. सुख हे एकट्याच्या मनाचे धन नसून माणूस, जागा आणि सोबत यांच्यातील नात्याचे फळ आहे, असा एक विचार या रचनेत गृहीत आहे. उलट ‘मजा करणे’ या प्रयोगात कर्ता आहे, आज्ञार्थ आहे. उदास तरुणाला त्याचे मित्र ‘मजा कर की’ असे सांगतात, तेव्हा जे भाषेने इच्छेच्या कक्षेबाहेर ठेवले, त्याचीच आज्ञा ते त्याला देत असतात. सासरी आलेल्या मुलीला किंवा वसतिगृहात दाखल झालेल्या मुलाला ‘करमवून घे’ असे सांगण्याची रीत आहे. त्यातील सहाय्यक क्रियापद या आज्ञेचे सारे ओझे एकट्या माणसाच्या अंगावर टाकते.

या अवस्थावाचक विधानाच्या शेजारी मराठीत दुसरी एक शब्दमाला आहे : माणूसघाणा, घुमा, एककल्ली, तिरसट. ही स्वभावाची नावे आहेत. ‘मला करमत नाही’ हे प्रथमपुरुषी विधान ऐकून घेणारे कोणी उरले नाही, की समाज त्याचे रूपांतर तृतीयपुरुषी विशेषणात करतो. अवस्था स्वभाव बनते आणि स्वभावाला उपचार नसतो. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा या ठिकाणी आहे. आपल्या समीक्षेने वापरलेले ‘अस्तित्ववादी नायक’ हे बिरुद अनेकदा ‘माणूसघाणा’ या शब्दाची सुशिक्षित आवृत्ती ठरलेले आहे.

३

मराठी कादंबरी आणि करमणूक यांचा संबंध योगायोगाने नावातच नोंदला गेलेला आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. एका तरुण स्त्रीच्या उद्ध्वस्त होण्याची ही कहाणी करमणुकीच्या पानांवर वाचली गेली. या कादंबरीत यमूच्या मुंबईतील दिवसांना मोठे महत्त्व आहे. पतीच्या सहवासात वाचन, मोकळे बोलणे, समविचारी कुटुंबांशी येणे-जाणे असे एक छोटे समाजसुख तिला प्रथमच मिळते. पतीच्या मृत्यूनंतर ते हिरावले जाते. यमूचे दुःख मात्र शोक आहे. त्याची कारणे उघड आहेत, ती घरात आणि रूढीत आहेत. फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात शोक आणि विषण्णता यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो : शोकात जग रिते होते, विषण्णतेत ‘मी’च रिता होतो. हरिभाऊंच्या नायिकेचे जग रिते झाले. तिचा ‘मी’ अखेरपर्यंत बोलता राहिला.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) हा भेद पुसट होऊ लागतो. बोटीवरील प्रवास हा सक्तीच्या सहवासाचा प्रसंग आहे. युरोपातून हद्दपार झालेले ज्यू, परतणारे हिंदी प्रवासी, मुले अशी सगळी माणसे काही दिवसांपुरती एकत्र आलेली आहेत. चक्रधर या समूहात वावरतो, बोलतो, हसतो, हेर्टाच्या प्रेमाला प्रतिसादही देतो. परंतु पूर्वीच्या प्रेमभंगाने आलेला एक बधिरपणा त्याच्या प्रत्येक सुखाच्या आड येतो. समूहात असणे आणि समूहाचे सुख मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मराठी कादंबरीने येथे ओळखलेले दिसते.

४

‘कोसला’त ही ओळख पूर्णत्वाला जाते. पांडुरंगाला एकलकोंडा म्हणणाऱ्या वाचकाने कादंबरीचा पूर्वार्ध पुन्हा वाचावा. खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात आलेला हा मुलगा समूहापासून पळत नाही, उलट त्यात स्वतःला झोकून देतो. वसतिगृह, मेसची व्यवस्था, मंडळे, संमेलने यांत तो पुढे असतो. वडिलांचे पैसे मित्रांवर उधळतो. त्याचे निवेदन तर मराठीतील अत्यंत विनोदी निवेदनांपैकी एक आहे. औदासीन्य म्हणजे कोपऱ्यात बसणे, असा जो ढोबळ समज आहे, त्याला ही कादंबरी छेद देते. तरुणाचे औदासीन्य पुष्कळदा गर्दीच्या मध्यभागी, सर्वांत मोठ्याने हसणाऱ्याच्या ठिकाणी असते. सोबत मिळत नसल्याने नव्हे, तर सोबत मिळूनही करमत नसल्याने ते जीवघेणे होते.

मर्सोशी केलेली तुलना या कसोटीवर टिकत नाही. आईच्या अंत्यविधीनंतर दुसऱ्याच दिवशी मर्सो समुद्रात पोहतो, मारीबरोबर विनोदी चित्रपट पाहतो. त्याची सुखसंवेदना शाबूत आहे. त्याच्यापाशी नाही ते दुःखाचे सामाजिक प्रदर्शन, आणि त्याचीच शिक्षा न्यायालय त्याला देते. पांडुरंगाची स्थिती नेमकी उलटी आहे. आनंदाचे सामाजिक प्रदर्शन त्याला चांगले साधते. प्रत्यक्ष आनंद तेवढा येत नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने तो आतून मोडतो. होल्डनचे साम्य त्या मानाने खरे आहे. धाकट्या भावाच्या मृत्यूचा व्रण वागवणारा तो मुलगा न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक माणसे गाठतो आणि प्रत्येक भेटीनंतर अधिक खचतो. परंतु आपल्या समीक्षेने या दोघांतील साम्य मुख्यतः ढोंगाविषयीच्या तिटकाऱ्यात पाहिले, सोबतीच्या या निष्फळ शोधात नव्हे.

शैलीच्या अंगानेही हाच प्रत्यय येतो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांची पांडुरंगाची लकब सर्वपरिचित आहे; तिचा अर्थ सामान्यतः उपरोध असा लावला गेला. तो चुकीचा नाही; अपुरा आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की अनुभवलेली घटना एकमेव राहत नाही, ती कशाचा तरी नमुना बनते. ‘वगैरे’ म्हटले की तिच्यापुढच्या गोष्टींतील फरक सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्याला हे सुख आणि ते सुख यांत चवीचा फरकच जाणवेनासा झाला आहे, त्याच्या वाक्याची ही स्वाभाविक रचना आहे. उपरोधाच्या पृष्ठभागाखाली सुखशून्यतेचे व्याकरण आहे. अजिंठ्याच्या प्रसंगात, मनीची आठवण आणि बुद्धाची करुणा एकत्र येतात तेव्हा, कादंबरीचा सूरच बदलतो. निवेदकाला तेथे कशाचे तरी वेगळेपण पुन्हा जाणवते. आणि ती जाणीव सुखाची नाही, शोकाची आहे. विषण्णतेतून शोकाकडे जाणे ही येथे अधोगती नसून बरे होण्याची एक शक्यता आहे.

यावर असा आक्षेप येईल की पांडुरंगाच्या उपहासामागे शिक्षणव्यवस्थेची, मध्यमवर्गीय संस्कृतीची आणि कुटुंबसंस्थेची टीका आहे. तिला मनोवस्थेचे लक्षण मानले की तिची धार जाते. आक्षेप वजनदार आहे. तथापि उदास माणसाची टीका खोटी असते, असे समजण्याचे कारण नाही. ज्याला समूहसुखाचा हिस्सा मिळत नाही, त्याला त्या सुखातील नाटक अधिक स्पष्ट दिसते. महाविद्यालयीन समूह आपल्या सदस्याकडून केवळ हजेरी मागत नाही, तर आनंदाचे दर्शन मागतो. ही मागणी पांडुरंगाने उघडी पाडली. त्याची टीका आणि त्याचे दुःख ही दोन्ही खरी आहेत. समीक्षेने फक्त पहिली ऐकली.

५

पांडुरंग अखेर गावी परततो. शहरात न करमलेल्या तरुणाला गावात करमते काय, हा त्यामुळे पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना गावाविषयीचे स्वप्नरंजन टाळण्यासाठी एखादा प्रत्यक्ष परिसर समोर ठेवणे बरे. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील तालुके या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकर येथे मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर, त्याची पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प आहे. गावाच्या एकत्र येण्याची जागा किती जुनी असू शकते, याचा तो दगडी पुरावा म्हणता येईल. तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवडीला अश्वांचे रिंगण होते. गावोगावच्या यात्रांत छबिना, कुस्त्यांचा आखाडा, तमाशा आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेऱ्या असा क्रम ठरलेला असे.

या जुन्या समूहरूपांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत सहभागासाठी आनंदी असण्याची अट नाही. पालखीला खांदा देणारा, टाळ धरणारा, दिवटी घेऊन चालणारा आपापल्या भूमिकेने समूहात असतो. त्याच्या मनाची चौकशी कोणी करीत नाही. यात एक आश्रय आहे : ज्याला करमत नाही त्यालाही दिंडीत चालता येते. यातच एक क्रौर्यही आहे : त्याला करमत नाही, हे कधीच कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलेच तर बाहेरची बाधा, शिकल्याचा माज किंवा आळस ही स्पष्टीकरणे तयार असतात.

ग्रामीण कथेने हे दुसरे अंग फारसे पाहिले नाही. इंदापूरच्या सीमेलगतच्या अकलूजचे द. मा. मिरासदार, तसेच व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील या तिघांनी आपल्या कथाकथनातून गावाचे हसणे महाराष्ट्रभर पोचवले. ते कथाकथन हेच एक मोठे समाजसुख होते, आणि त्याचे वाङ्मयीन मोल वादातीत आहे. परंतु मिरासदारांच्या विनोदी कथेत चावडी आणि पार यांवरचे हसणे सामूहिक आहे. त्या हसण्यात सामील न होणारा तरुण तेथे आलाच तर बावळट, विक्षिप्त किंवा झपाटलेला म्हणून येतो. तो हसण्याचा विषय होतो, कथेचा निवेदक होत नाही. पुढच्या ग्रामीण कादंबरीने सुशिक्षित तरुणाचे नैराश्य जरूर मांडले. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधील (२००२) एकनाथ हे त्याचे ठळक उदाहरण. शिकून बेकार राहिलेला, शेतीत अडकलेला, घरातल्या बोलण्यांनी घायाळ झालेला हा तरुण वाचकाला विसरता येत नाही. ‘बारोमास’वरील चर्चा मात्र शेतीच्या अर्थकारणाभोवती फिरली. शेतमालाचा भाव आणि नोकरीचा बाजार ही कारणे खरीच आहेत. पण कारण सांगितले म्हणजे अनुभव वाचून झाला, असे होत नाही. एकाच दुष्काळात दोन भाऊ सापडतात आणि दोघांना तो सारखा मोडीत नाही.

१९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. ‘कोसला’ त्यानंतरच्याच वर्षीची. खेड्यातील मुलांची एक पिढी पहिल्यांदा महाविद्यालयीन समूहात शिरत होती, तो हा काळ. भूमिकेने मिळणाऱ्या सहवासातून दर्शनाने मिळवाव्या लागणाऱ्या सहवासात तिचे स्थलांतर झाले. आज याच गावांतील मुले-मुली स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात येतात, अभ्यासिकेतील एका खुर्चीवर दिवस काढतात, मेसवर जेवतात आणि निकाल मनासारखा लागला नाही की गावच्या यात्रेलाही जाणे टाळतात. ‘यंदा काय झालं?’ हा एक प्रश्न त्यांना पालखीच्या वाटेवरूनही परत फिरवतो. जुन्या समूहाने पूर्वी मनाची चौकशी केली नाही. आता तो निकालाची चौकशी करतो. उदास तरुणाचा अखेरचा आश्रयही त्यामुळे गेलेला आहे.

६

ज्या कलाकृतीने या पेचातून वाट शोधण्याचा प्रयत्न केला, ती कादंबरी नसून चित्रपट आहे, हेही सूचक आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालासाठीचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. स्वतःचा जीव घेण्याच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण कोकणच्या किनाऱ्यावरील एका घरात येतो. जानकी, जी स्वतः मानसिक अस्वस्थतेतून गेलेली आहे, त्याला ठेवून घेते. या घरातील समूहाचे वैशिष्ट्य असे, की तो या मुलाकडून ना भूमिका मागतो, ना आनंद. त्याच्याभोवती जेवण होते, कामे होतात, एक लहान मुलगा हुंदडत असतो. त्याने कधी सामील व्हायचे ते त्याच्यावर सोपवलेले असते. कासवाच्या अंड्यांना संरक्षण द्यावे, पिलांनी पाण्याकडे आपले आपण जावे, ही संवर्धनाची रीत चित्रपटाच्या रूपकाला आधार पुरवते. ‘करमवून घे’ ही आज्ञा येथे कोणी देत नाही. करमण्यासारखी जागा तेवढी राखली जाते. ‘मला करमत नाही’ या वाक्यातील तो कर्ता नसलेला ‘मला’ येथे प्रथमच गांभीर्याने घेतलेला दिसतो.

चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. समुद्रकाठचे घर, सवड, समजूतदार आणि आर्थिकदृष्ट्या निश्चिंत पालकत्व या गोष्टी त्या तरुणाला दैवयोगाने मिळतात. अभ्यासिकेतल्या मुलाला किंवा जिरायती शेतावर परतलेल्या मुलीला अशी जानकी भेटण्याची शक्यता थोडी. ‘कासव’ने उत्तराचा आकार दाखवला, ते उत्तर घर, गाव आणि वर्ग यांच्या वास्तवात कसे उतरेल, हा प्रश्न कादंबरीपुढे शिल्लक आहे.

समीक्षेपुढे उरणारा प्रश्न अधिक निकटचा आहे. ‘कोसला’ गेली कित्येक वर्षे मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत शिकवली जाते, आणि ती ऐकणारा विद्यार्थी बहुधा पांडुरंगाच्याच वयाचा असतो. त्या वर्गात औदासीन्याचे वर्णन जर केवळ युगधर्म, बंडखोरी किंवा प्रतिभेचे लक्षण म्हणून झाले, तर ज्याला खरोखर करमत नाही अशा विद्यार्थ्याला आपल्या अवस्थेसाठी एक भरजरी नाव मिळते आणि ती कोणाला सांगण्याची गरज संपते. उलट ती कादंबरी रोगलक्षणांची यादी म्हणून शिकवली, तर तिच्या विनोदाला, टीकेला आणि भाषेला आपण मुकतो. या दोहोंच्या मधली वाट समूहदृश्यांच्या काळजीपूर्वक वाचनाची आहे : कोण हसतो आहे, कोण हसवतो आहे, कोणाच्या वाक्यात ‘वगैरे’ येऊ लागले आहे, आणि ‘मला’ म्हणून सुरू झालेले वाक्य कोणी पुरते ऐकून घेतले काय. कादंबरीच्या वाचनात हा सराव झालेला अभ्यासक वर्गातील, मेसमधील, यात्रेतील एखाद्या फार हसणाऱ्या तरुणाकडेही जरा थांबून पाहू शकेल. साहित्याच्या अध्यापनाकडून याहून मोठी अपेक्षा करण्याचे कारण नाही. याहून कमी अपेक्षाही करू नये.